विभा आणि संतमस : एका बारशाची समीक्षा

पुस्तकाची समीक्षा लिहावी, नाटकाची लिहावी, गेलाबाजार एखाद्या गवयाच्या मैफलीची लिहावी; पण नुसत्या दोन नावांची समीक्षा कुणी लिहिली तर दिवाळी अंकाच्या वाचकाला वाटावयाचे की संपादकांना ह्या वर्षी मजकूर कमी पडलेला दिसतो. वाटू द्या. दोन शब्दांत एक पूर्ण रचना होऊ शकते, आणि रचना आली की तिचे गुणदोष आले. ही दोन नावे १७ डिसेंबर २०१९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली. पहिले एका ताऱ्याचे, दुसरे त्याच्याभोवती फिरणाऱ्या एका प्रचंड ग्रहाचे. ताऱ्याचे नाव विभा, ग्रहाचे संतमस. दोन्ही भारताने ठेवलेली. ताऱ्याचे सुरतेच्या एका विद्यार्थ्याने सुचवलेले आणि ग्रहाचे पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने.

आपल्याकडे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ह्या बारशाची आत्या म्हणजे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना. ती १९१९ साली स्थापन झाली, तेव्हा शंभरीच्या वर्षी तिने मन मोठे करून प्रत्येक देशाला एकेक तारा आणि त्याचा एकेक ग्रह नाव ठेवण्यासाठी देऊन टाकला. शंभरावर देशांनी हौसेने पाळणे बांधले. आपल्याकडे लोकांकडून नावे मागवली गेली, सतराशेंवर आली, आणि त्यांतली निवडक लोकांच्या मताला टाकून अखेर ही जोडी ठरली. तोपर्यंत बाळाला नाव नव्हते असे नाही. कागदोपत्री त्याला ‘एच.डी. ८६०८१ बी’ म्हणत.

नाव आणि क्रमांक ह्यांतला फरक समजून घ्यावयाचा तर त्यासाठी वेधशाळेत जाण्याचे कारण नाही. मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरात जावे. पाठीशी उंचच उंच इमारती, पुढ्यात समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या जागेत कोळ्यांची वस्ती. किनाऱ्याला लागलेल्या होडीला तिथे दोन ओळखी असतात. एक सरकारी, म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून झालेला नोंदणीचा क्रमांक. दुसरी घरची, म्हणजे देवीचे, आईचे नाहीतर लेकीचे नाव. खात्याच्या कागदावर पहिली चालते. पण भर समुद्रात यंत्र बंद पडले तर हाक दुसऱ्याच नावाने जाते. आकड्यांना हाक मारता येत नाही.

त्याच वस्तीच्या पत्त्यात नावांचा आणखी एक धडा आहे. हे कफ कोण? बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्यावर भर घातली, त्या ट्रस्टमधले टी. डब्ल्यू. कफ नावाचे साहेब. कुलाबा हा शब्दच कोळ्यांवरून आला असे सामान्यतः मानतात. त्या कुलाब्याच्या किनाऱ्याला नाव लागले साहेबाचे, आणि कोळ्यांच्या वाट्याला ‘मच्छीमार नगर’ म्हणजे धंद्याचे वर्णन तेवढे आले. भर कुणी घातली ते पत्त्यात राहिले. जाळे कुणी टाकले ते विशेषणात गेले.

आकाशातही हाच व्यवहार चालतो. ‘एच.डी.’ ही अक्षरे हेन्री ड्रेपर ह्या अमेरिकन ज्योतिर्विदाची. हा पेशाने डॉक्टर आणि छंदाने तारे पाहणारा. तो लवकर वारला, आणि त्याच्या स्मरणार्थ त्याच्या विधवा पत्नीने हार्वर्ड वेधशाळेला पैसा दिला. त्यातून ताऱ्यांची जी थोरली यादी तयार झाली ती १९१८ ते १९२४ ह्या वर्षांत प्रसिद्ध झाली. तीत सव्वादोन लाख ताऱ्यांची वर्गवारी आहे, आणि ती करणारी मुख्य व्यक्ती म्हणजे ॲनी जंप कॅनन ही बाई. पैसा बाईचा, डोळे फोडून केलेली मेहनत बाईची, यादी मात्र ड्रेपरसाहेबांची. ह्याच यादीतला ८६०८१ वा तारा आपल्या वाट्याला आला, आणि त्याला आपण एका शास्त्रज्ञ बाईचे नाव दिले. हे ठरवून झाले की योगायोगाने, ते असो. योगायोग असला तरी तो चांगल्या अभिरुचीचा आहे.

आता बाळ कसे आहे ते पाहिल्याखेरीज नाव शोभते की नाही हे सांगता यावयाचे नाही. हा ग्रह २००६ साली जॉन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. दुर्बीण हवाई बेटावरची केक. शोधला म्हणजे पाहिला नाही. आजवर तो कुणीच पाहिलेला नाही. मग आहे हे कशावरून? फुगडीवरून. आई आणि लहान मुलगी फुगडी घालतात तेव्हा मुलगी मोठ्या फेऱ्यात गरगर फिरते, पण आईचे पाऊलही एका जागी राहत नाही; तीही लहानशा फेऱ्यात फिरतेच. दिवेलागणीला लांबून पाहणाऱ्याला मुलगी दिसत नसेल आणि आईचे पांढरे लुगडे तेवढे दिसत असेल, तर त्या लुगड्याच्या हेलकाव्यावरून तो म्हणेल की हिच्या हाताला कुणीतरी आहे, आणि ते अंगापेराने इतके इतके असावे. विभा हा तारा असाच हेलकावतो. सेकंदाला सुमारे दोनशे मीटर ह्या वेगाने तो एकदा आपल्याकडे येतो, एकदा दूर जातो, आणि एक हेलकावा पुरा व्हावयास दोन दिवस आणि तीन तासांच्या वर थोडा वेळ लागतो. तेवढेच त्या ग्रहाचे वर्ष. आपल्या एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत तिथे एकशे सत्तर वर्षे उलटून जातात. तिथला फराळ कधी शिळा व्हावयाचा नाही.

ग्रहाचे वजन निदान दीड गुरूएवढे, म्हणजे पृथ्वीच्या पावणेपाचशे पट. ‘निदान’ म्हणण्याचे कारण असे की फुगडीचे रिंगण आपल्याकडे किती कलले आहे ते ह्या रीतीने कळत नाही, त्यामुळे आकडा याहून मोठा असू शकतो. आणि एवढा थोरला ग्रह ताऱ्यापासून किती दूर? अवघा बावन्न लाख किलोमीटर. आपला बुध सूर्याच्या अगदी चुलीशी बसलेला मानतात, तोही याच्या अकरा पट लांब आहे. अशा ग्रहांना शास्त्रज्ञांनी ‘तप्त गुरू’ हे नाव दिले आहे. मराठीत ते वाचले की छडी घेतलेले कुणी तापट गुरुजी डोळ्यांसमोर येतात, त्याला इलाज नाही. असे ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ जन्मले नसावेत, दूर तयार होऊन मग आत सरकले असावेत, असे पुष्कळांचे मत आहे. दुसऱ्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह ह्याच जातीचा होता. तो मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ ह्यांनी १९९५ साली शोधला, आणि आपल्या बारशाच्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

विभा पाहावयाची असेल तर दिवाळीचा मोसम सोयीचा आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उठल्यावर पूर्वेकडे सिंह राशीतला मघा तारा चांगला वर आलेला असतो. त्याच्या दक्षिणेस सुमारे सोळा अंशांवर, सेक्स्टन्स नावाच्या एका मंद तारकासमूहात ही विभा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. दुर्बीण लागते, आणि कफ परेडच्या दिव्यांपासून दूर जावे लागते. ती सुमारे ३४० प्रकाशवर्षे लांब आहे, तेव्हा आज डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश साधारण संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत तिथून निघालेला असावा.

ही झाली वस्तुस्थिती. आता नावे.

विभा हे नाव बिभा चौधुरी ह्यांच्यावरून ठेवले. त्या १९१३ साली कलकत्त्यास जन्मल्या. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्या, त्या वर्षीच्या वर्गात त्या एकट्या स्त्री. पुढे देवेंद्रमोहन बोस ह्यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांवर काम केले. फोटोच्या काचा दार्जिलिंगकडच्या उंच डोंगरांवर नेऊन महिनोन् महिने उघड्यावर ठेवावयाच्या, आभाळातून येणारे कण त्यांतून जाताना जे डाग उमटवतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, आणि त्यावरून कणाचे वजन काढावयाचे, असे ते काम. इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असा एक कण त्यांना ह्या रेघांत आढळला, आणि त्यांचे लेख ‘नेचर’मध्ये आले. मग महायुद्धाने चांगल्या काचा मिळेनाशा झाल्या आणि काम तिथेच थांबले. पुढे इंग्लंडात सेसिल पॉवेल ह्यांनी ह्याच पद्धतीने, अधिक चांगल्या काचा वापरून १९४७ साली पायॉन शोधला, आणि त्यांना १९५० चे नोबेल मिळाले. यावरून बाईंचे नोबेल हुकले असे म्हणण्याची जी घाई अलीकडे होते तीत मला सामील व्हावयाचे नाही. पॉवेलांच्या काचा चांगल्या होत्या आणि त्यांचे मोजमापही अधिक नेमके होते. परंतु वाट कुणी आधी चालून पाहिली होती, हे विसरण्यालाही काही सबब नाही.

त्यांचा मुंबईशी संबंध १९४९ चा. मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट ह्यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्या परतल्या आणि होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. त्या संस्थेतल्या पहिल्या स्त्री-संशोधक. आज संस्थेची इमारत कुलाब्याच्या टोकाला आहे, मच्छीमार नगरापासून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला. पण तिचे उद्घाटन १९६२ साली झाले, आणि बाई १९५७ सालीच संस्था सोडून गेल्या होत्या. त्यांचे दिवस गेले ते गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या इमारतीत. पुढे अहमदाबाद, कोलारच्या सोन्याच्या खाणीतले प्रयोग आणि शेवटी पुन्हा कलकत्ता. १९९१ साली त्या वारल्या. देशातल्या मोठ्या विज्ञान-अकादमींनी त्यांना आपल्यात घेतले नाही. त्यांच्यावरचे चरित्र निघाले ते २०१८ साली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे नाव आकाशात गेले.

नावाच्या निवडीला दोष देता येणार नाही, पण नावाच्या रूपाला एक शंका घेतली पाहिजे. पुरुष शास्त्रज्ञ आकाशात जातो तो आडनावाने. केप्लर, हबल, ड्रेपर. कुणी ‘योहानेस’ नावाची दुर्बीण सोडलेली ऐकिवात नाही. बाई मात्र पहिल्या नावाने, जणू शेजारच्या घरातली मुलगी. पंक्तीला पुरुषांना ‘रावसाहेब’ आणि बायकांना ‘अगं’ म्हणावे तसे. हा आक्षेप मला प्रथम फार जोरदार वाटला. परंतु थोडा विचार केल्यावर त्याची धार बोथट होते, कारण ‘चौधुरी’ ह्या शब्दात ताऱ्याला उपयोगी असे काही नाही, आणि ‘विभा’ ह्या शब्दात सगळेच आहे. विभा म्हणजे प्रकाश, कांती. जिचे नाव उजेड आहे अशी बाई उजेडाच्याच नावाने उजेडाला द्यावी, ह्यात श्लेष तर आहेच, पण तो ओढूनताणून आणलेला नाही. आईबापांनी १९१३ साली ठेवलेले नाव शंभर वर्षांनी अक्षरशः खरे झाले. क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त औचित्याचे जे सत्तावीस प्रकार सांगितले त्यांत नामौचित्य हा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्या काश्मिरी पंडिताला हे उदाहरण मिळाले असते तर त्याने आनंदाने घेतले असते.

‘संतमस’ ह्या दुसऱ्या नावाशी खरा वाद आहे. माझे म्हणणे असे की नाव उत्तम आहे आणि त्याच्याबरोबर जगाला सांगितलेला अर्थ कच्चा आहे. संघटनेच्या यादीत ह्या शब्दाचा अर्थ ‘ढगाळ’ असा दिला असून, ग्रहाच्या वातावरणात ढग असण्याचा संभव आहे म्हणून हे नाव, असे त्याचे समर्थन केले आहे. पण संस्कृतात संतमस म्हणजे ढग नव्हेत. अमरसिंहाने आपल्या कोशात अंधाराच्या जाती लावल्या आहेत. दाट अंधार तो अंधतमस, विरळ तो अवतमस आणि सर्व बाजूंनी पसरलेला तो संतमस. पाणिनीने ह्या तिघांच्या रूपासाठी एक सबंध सूत्र खर्ची घातले आहे. वामन शिवराम आपट्यांच्या कोशातही सर्वव्यापी अंधार हाच अर्थ मिळतो, आणि पुढे मोठा मोह हाही. ढगाचा मागमूस नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय बिघडले? ढग आले की अंधारतेच. बिघडते ते असे. ढग ही येणारी-जाणारी गोष्ट आहे. तिच्यामागे सूर्य शाबूत असतो. ‘ढगाळ’ म्हटले की ग्रहाचे नाव हवामानखात्याच्या अंदाजासारखे होते. ‘सर्वत्र पसरलेला अंधार’ म्हटले की ते विभेच्या शेजारी उभे राहते, आणि मग ती दोन नावे राहत नाहीत, जोडी होते. उजेड मध्ये आणि अंधार त्याच्याभोवती फेर धरून आहे. ज्या बाईने आयुष्य फोटोच्या काचेवरच्या काळ्या डागांतून कणांचा माग काढण्यात घालवले आणि मरेपर्यंत अप्रसिद्धीच्या काळोखात काढले, तिच्या नावाभोवती हा शब्द फिरतो, तेव्हा त्यातून जो ध्वनी उमटतो तो ‘ढगाळ’ ह्या एका भाषांतराने बुजून जातो. सुचवणाऱ्या मुलाच्या मनात हे सगळे होते असा माझा दावा नाही. चांगल्या शब्दाला कवीच्या मनाबाहेरचेही पुष्कळ माहीत असते.

शास्त्राच्या बाजूनेही अंधार हाच अर्थ सरस ठरतो, आणि इथे मजा आहे. ह्या ग्रहावर ढग आहेत की नाहीत हे कुणी तपासलेले नाही. हजार अंशांच्या वर तापलेल्या जगात पाण्याचे ढग तर असणेच शक्य नाही. असतील तर दगडमातीच्या वाफेचे. उलट, इतक्या जवळून फिरणारा ग्रह आपली एकच बाजू सदैव ताऱ्याकडे ठेवतो, जसा आपला चंद्र पृथ्वीकडे ठेवतो. म्हणजे त्याच्या अर्ध्या अंगावर कधी न मावळणारा दिवस आणि अर्ध्यावर कधी न उजाडणारी रात्र. शिवाय ह्याच जातीचा ‘ट्रेस-२ बी’ नावाचा एक ग्रह आहे. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी शंभरात एक भागही तो परत फेकत नाही, असे २०११ साली दिसून आले, कोळशाहूनही काळा. आमचा संतमस तसाच आहे असे कुणी मोजलेले नाही, आणि अमरसिंहाच्या काटेकोर व्याख्येने ‘सर्व बाजूंनी’ हे त्याच्या रात्रीच्या अर्ध्यालाच लागू पडेल. तरी ढगांपेक्षा अंधाराचा पुरावा बळकट आहे.

शेजाऱ्यांनी काय केले हे पाहिले म्हणजे आपल्या जोडीची किंमत नीट कळते. पाकिस्तानने आपल्या ताऱ्याला शमा आणि ग्रहाला परवाना म्हटले. ज्योत आणि तिच्याभोवती झडप घालणारा पतंग. ऐकताच दाद द्यावी अशी कल्पना. उर्दू गझलेत ती हजारदा येऊन गुळगुळीत झालेली असली तरी इथे ती चपखल बसते. बसते असे वाटते, म्हणणे बरे. कारण त्यांचा परवाना शमेपासून, पृथ्वी सूर्यापासून आहे त्याहूनही थोडा लांब आहे, आणि एक फेरी घालावयास त्याला चारशे एकोणचाळीस दिवस लागतात. असला सावध पतंग कुठल्या शायराने पाहिला असेल? ज्योतीला खरोखर बिलगलेला आपला ग्रह आहे. नावे अदलाबदल करण्याची सोय असती तर परवाना मी मागून घेतला असता.

बांगलादेशाने तिमिर आणि तंद्रा ही नावे दिली. कानाला ती तिन्ही जोड्यांत सर्वांत गोड. पण तिमिर हे त्यांनी ताऱ्याचे नाव ठेवले, आणि स्वयंप्रकाशी ताऱ्याला अंधार म्हणणे मला काही केल्या पटत नाही. तारा अवकाशाच्या अंधारात लांब आहे म्हणून तिमिर, हे स्पष्टीकरण झाले. औचित्य झाले नाही. नेपाळने सागरमाथा आणि लालीगुराँस म्हणजे आपले शिखर आणि आपले फूल वर पाठवले. देशप्रेम म्हणून ठीक. फार पूर्वी नव्हे, २०१५ साली, अशाच एका उपक्रमात एका ताऱ्याला सर्वांतेस हे नाव मिळाले, आणि त्याच्या चार ग्रहांना त्याच्या कादंबरीतली माणसे वाटून दिली गेली. चारांत रोसिनांते हा घोडाही आहे. लेखक मध्ये आणि पात्रे भोवती, ही कल्पना मला सर्वांत हेवा वाटण्यासारखी वाटते. मात्र तिला कादंबरी वाचलेला वाचक लागतो. विभा-संतमस ह्या जोडीला कोश उघडणारा वाचक पुरतो.

पण तो कोश उघडावयास नाव नीट वाचता आले पाहिजे, आणि तिथे एक विघ्न आहे. ही नावे जगभर रोमन लिपीत छापली जातात. त्या लिपीत संतमस ह्या शब्दातले सगळे अकार उघडे पडतात, आणि वाचणारा ‘संतामासा’ वाचतो. मच्छीमार नगरातल्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला हे नाव दाखवावे; पापलेट, बोंबील, रावस ह्यांच्या पंगतीत तो हा नवा मासा बिनदिक्कत बसवील, आणि त्याच्या घरी त्याचा भावही विचारला जाईल. विभेचेही असेच. बंगालीत व चा ब होतो म्हणून रोमनमध्ये ती ‘बिभा’ झाली; ती आपण पुन्हा मराठीत आणताना जरा घसरलो की थेट बिब्ब्यापर्यंत पोहोचतो. बाईंच्या हयातीतही त्यांच्या नावाचे स्पेलिंग एकसारखे छापले गेले नाही. आपल्याकडे ह्या बाबतीत धोरण म्हणून काही नाहीच. आपण रवींद्रनाथ लिहितो पण बिमल रॉय लिहितो, विवेकानंद लिहितो पण बंकिमचंद्र लिहितो. माझा कौल असा की व्यक्तीचे नाव बिभा चौधुरी असे त्यांच्या उच्चाराने लिहावे आणि ताऱ्याचे विभा असे लिहावे, कारण ताऱ्याच्या नावात शब्दाचा अर्थ दिसला पाहिजे.

काही घरांतून असा सूर निघण्यासारखा आहे की पोराचे नाव ठेवावयाचे ते चांगले ठेवावे, ‘अंधार’ कसले ठेवता? त्यातून ऐन दिवाळीत हा विषय. पण लक्ष्मीपूजन आपण करतो ते अमावास्येलाच, आणि पणतीला पणतीपण येते ते त्या रात्रीमुळे. कोळ्याला विचाराल तर तो अमावास्येला अशुभ म्हणून बाजूला सारणार नाही. त्याच्या हिशेबात ती उधाणाची तिथी, जशी अष्टमीच्या सुमाराची भांगाची. समुद्र किती चढेल, होडी केव्हा लोटावी, ह्याचे गणित चंद्र दिसत नसतानाच्या रात्रीही चालूच राहते. न दिसणाऱ्या वस्तूच्या ओढीने दिसणारे पाणी हलते, हे त्याला मायोर आणि केलोझ ह्यांनी समजावून सांगण्याची गरज नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. विभेभोवती आणखी एखादा ग्रह पुढेमागे सापडू शकेल. तेव्हा पुन्हा सतराशे सूचना मागवण्याचे कारण पडू नये. अमरसिंहाच्या यादीत दोन नावे शिल्लक आहेत. नवा ग्रह लहान आणि दूरचा निघाला तर अवतमस, आणि थोरला निघाला तर अंधतमस. रोमन लिपीत ह्यांचाही शेवट माशानेच होईल.